राहून गेलेली शुश्रूषा: ती मोजायला जग कसे शिकले



आपल्या इंदापूर-बारामती भागात 'नर्सिंग होम' म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? रस्त्याला लागून दोन मजली इमारत, डॉक्टरांच्या नावाची पाटी, खाली मेडिकल, वर दहा-पंधरा खाटा. पेशंट ॲडमिट करताना आपण विचारतो, डॉक्टर एमडी आहेत का, आयसीयू आहे का, कॅशलेस होते का. 'नर्सिंग' हा शब्द पाटीवरच असतो. तरी नर्स किती, त्यांतल्या शिकलेल्या किती, रात्री किती, हे मात्र जवळजवळ कोणी विचारत नाही.

आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. इतिहास म्हणून कंटाळू नका. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असेल, किंवा उद्या वडिलांच्या अंगावरून वारे गेले आणि त्यांना ॲडमिट करावे लागले, तर हा इतिहास तुमच्या थेट कामाचा आहे.

राहून गेलेली शुश्रूषा म्हणजे काय?

उदाहरण घेऊ. अर्धांगवायूचा पेशंट आहे. त्याला सलाइन लागले, इंजेक्शन दिले, सीटी स्कॅन झाला, डॉक्टरांचा राउंड झाला. या सगळ्याची फाइलमध्ये नोंद आहे आणि बिलातही. आता दुसरी यादी पाहा. दर दोन तासांनी कूस बदलली का? तोंड पुसून जीभ-दात साफ केले का? बसवून, सावकाश, घास गिळतोय हे बघून भरवले का? पाणी किती प्यायला आणि लघवी किती झाली, हे मोजले का? ओली चादर लगेच बदलली का? दोन पावले चालवले का? घरी गेल्यावर काय करायचे हे नातेवाइकांना समजावले का? आणि त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलले का?

या दुसऱ्या यादीतले काम राहिले, तर त्या दिवशी काहीही घडत नाही. अलार्म वाजत नाही, बिल कमी होत नाही. चार दिवसांनी माकडहाडावर लाल चट्टा उठतो. आठवड्याने तिथे जखम होते. कधी घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मग आपण म्हणतो, "वय झाले होते, शरीराने साथ दिली नाही."

चुकीचे इंजेक्शन दिले तर चूक दिसते. करायचे ते केलेच नाही, तर दिसण्यासारखे काही उरत नाही. न झालेली गोष्ट मोजायची कशी, हा खरा प्रश्न होता.

नाइटिंगेलबाईंनी पहिली खूण दाखवली

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. हातात दिवा घेतलेल्या बाईंचे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. त्यांचे दुसरे रूप कमी लोकांना माहीत असते. त्या आकडेवारीच्या जाणकार होत्या. जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी किती जास्त सैनिक मेले, हे त्यांनी आकृत्या काढून सरकारला दाखवले.

१८५९ मध्ये त्यांनी शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातले दोन विचार आजही ताजे आहेत. पहिला असा की, रोग्याचे पुष्कळसे हाल रोगामुळे होतात असे आपण समजतो, पण ते शुश्रूषेतल्या उणिवेमुळे होत असतात. पाठीची जखम हे त्यांचेच उदाहरण. दुसरा विचार व्यवस्थेचा आहे. तुम्ही स्वतः हजर असताना जे करता, ते तुम्ही नसतानाही होईल अशी सोय लावली नसेल, तर तुमच्या मेहनतीचा उपयोग अर्धाच.

म्हणजे शुश्रूषा 'राहून जाते' आणि त्याचे मूळ व्यवस्थेत असते, हे तेव्हाच कळले होते. किती राहते, हे मोजायचे साधन मात्र नव्हते.

आपल्याकडची गोष्ट: कायदा झाला, आकडा राहिला

महाराष्ट्रात शिकलेल्या परिचारिकांची परंपरा जुनी आहे. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून सांगितले जाते. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन सुरू केले. तिथल्या मुली आणि तरुण विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याचे अंग पुसावे, हे त्या काळी समाजाला मुळीच रुचत नव्हते. त्या बायकांनी ते सोसले.

संख्या मात्र फार थोडी होती. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यानुसार साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे अंदाजे ४३,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये तेव्हा सुमारे ३०० माणसांमागे एक परिचारिका होती.

मग १९४९ मध्ये मुंबई प्रांतात नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा झाला. आज आपण त्याला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणतो. इंग्लंडच्या १९२७ च्या कायद्यावरून तो घेतलेला आहे. त्यात एक महत्त्वाची अट होती. रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये शिकलेल्या परिचारिकांचे 'योग्य प्रमाण' नसेल, तर नोंदणी नाकारता येते. आता योग्य म्हणजे किती? कायद्याच्या त्या कलमात आकडा नव्हता. पुढे भारतीय परिचर्या परिषदेने निकष दिला: सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक. तुम्ही शेवटचे पाहिलेले रुग्णालय आठवा आणि रात्रीचा हिशेब मनात करा.

जाता जाता 'शुश्रूषा' या शब्दाबद्दल. तो संस्कृतातल्या 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पाठीची जखम हेच पहिले माप

न झालेल्या कामाची खूण शरीरावर उमटते, आणि ती खूण म्हणजे बेडसोअर. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाच्या उंचवट्यावरची कातडी गादी आणि हाड यांच्यात चेपली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबतो. तास उलटत जातात तसे आतले मांस मरू लागते. वर दिसते ते छोटे भोक असते, आत मात्र मोठी पोकळी झालेली असू शकते.

दुसऱ्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक याच जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने मरत. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे डॉ. लुडविग गटमन यांनी नियम घातला: दिवस असो वा रात्र, दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची. माणसे जगू लागली.

१९६२ मध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या पेशंटला जखम होण्याचा धोका जास्त, हे ओळखण्यासाठी त्यांनी गुणांची पद्धत तयार केली. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि लघवी-संडासावरचा ताबा, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण. २० पैकी १४ किंवा कमी आले तर धोका. कातडीवर निरनिराळी मलमे चोळण्यापेक्षा नियमित कूस बदलणे जास्त उपयोगी, हेही त्यातून पुढे आले. आपल्याकडे आजही लाल झालेल्या जागेवर स्पिरिट आणि पावडर जोरजोरात चोळतात. कृपया ते करू नका. चेपलेली कातडी चोळल्याने आणखी बिघडते.

केईएमचा वॉर्ड

याच मापाने आपल्या राज्यातली एक घटना पाहा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. परिचारिकांच्या कितीतरी पिढ्यांनी त्यांना भरवले, अंघोळ घातली, स्वच्छ ठेवले.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर त्यांचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले. अंगावर बेडसोअर नव्हता. जुन्या, भरून आलेल्या बेडसोअरचे व्रणही नव्हते. न्यायालयाने परिचारिकांचे मनापासून कौतुक केले. दयामरणाचा प्रश्न मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. पण डॉक्टर म्हणून सांगतो, तीन तपांनंतरची ती स्वच्छ पाठ कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठी आहे. अंथरुणाला खिळल्यावर पाठ सडणारच, असे कोणी म्हणाले तर हे उदाहरण द्या.

मग प्रश्नावली आली

बेडसोअर हे माप खरे, पण उशिराचे. जखम झाली म्हणजे सेवा आधीच राहून गेलेली असते. ती राहत असतानाच कशी ओळखायची?

२००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या बिअट्रिस कॅलिश यांनी साधी वाट धरली. त्यांनी परिचारिकांनाच बसवून विचारले, "तुमच्याकडून नेहमी काय राहून जाते?" नऊ गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: चालवणे, कूस बदलणे, वेळेवर भरवणे, रुग्णाला समजावणे, घरी सोडण्याची तयारी, मानसिक आधार, स्वच्छता, पाणी-लघवीची नोंद आणि लक्ष ठेवणे. त्यातून २००९ मध्ये 'मिसकेअर' नावाची प्रश्नावली तयार झाली. काय राहिले हे तिच्या पहिल्या भागात विचारतात, का राहिले हे दुसऱ्या भागात. पुढे रुग्णांना विचारण्याची प्रश्नावलीही निघाली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे मारिया शुबर्ट आणि सहकाऱ्यांनी वेगळा शब्द वापरला: रेशनिंग. आपल्याला हा शब्द समजावून सांगायला नको. धान्य कमी आणि तोंडे जास्त, की वाटणी करावी लागते. तसेच वेळ कमी आणि रुग्ण जास्त झाले, की परिचारिका वेळेची वाटणी करते. कोणाला किती द्यायचे आणि कोणाचे काय कापायचे, हे ती एकटी, मनातल्या मनात ठरवते.

युरोपात 'नर्सिंग होम' म्हणजे म्हाताऱ्या, परावलंबी माणसांनी कायम राहण्याची जागा. आपल्या वृद्धसेवा केंद्रासारखी. बासेलच्या गटाने आपली प्रश्नावली अशा घरांसाठीही बेतली आणि २०१२-१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दीडशेहून अधिक घरांमध्ये वापरली. काय दिसले? भरवणे, स्वच्छता अशी अंगाची कामे त्यामानाने कमी राहत होती. नोंदी आणि माणसांबरोबर वेळ घालवणे या गोष्टी जास्त कापल्या जात होत्या. युरोपातल्या १२ देशांच्या रुग्णालयांतही तसेच आढळले. सर्वांत जास्त राहून जाणारे काम होते रुग्णाशी बोलणे आणि त्याला धीर देणे. निम्म्याहून अधिक परिचारिकांनी, म्हणजे ५३ टक्क्यांनी, शेवटच्या पाळीत ते राहिल्याचे सांगितले.

'शुश्रूषा' म्हणजे ऐकण्याची इच्छा, असे वर म्हटले होते. टंचाई आली की पहिला घाला ऐकण्यावरच पडतो. आणि ऐकणे गेले की बाकीचेही निसटते. "आजी, कुठे दुखतंय?" असे विचारल्याशिवाय पार्श्वभागावरचा चट्टा कळणार कसा?

हे केवळ गैरसोयीचे प्रकरण नाही

२०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला. त्यात ४,२२,७३० शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती होती. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती. २०१८ मध्ये त्याच माहितीवर पुढचा अभ्यास झाला. राहून गेलेली शुश्रूषा १० टक्क्यांनी वाढली, तिथे मृत्यूची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त होती. हे आकडे दोन गोष्टींचा संबंध दाखवतात. एकीमुळेच दुसरी घडली याचा तो पुरावा होत नाही. आकडे परिचारिकांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर उभे आहेत, हेही लक्षात घ्यावे. नोकरीची भीती असेल तिथे खरे उत्तर मिळणे अवघड असते.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयाची चौकशी झाली आणि २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल आला. पाणी हाताला पोहोचणार नाही असे ठेवलेले, ताट समोर आहे पण भरवायला कोणी नाही, घाणेरड्या चादरीत तासन्‌तास पडून राहिलेले रुग्ण, असे सारे त्यात आहे. श्रीमंत देशात, नावाजलेल्या सरकारी व्यवस्थेत हे घडले. कागदोपत्री सारे ठीक होते.

सिस्टरला दोष देण्याआधी हा हिशेब करा

समजा २० खाटांचा वॉर्ड आहे. रात्री ८ ते सकाळी ८ एक सिस्टर आणि एक मावशी. म्हणजे सिस्टरकडे ७२० मिनिटे.

- औषधे-इंजेक्शने दोनदा, दर वेळी ५ मिनिटे: २०० मिनिटे.
- बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन तीनदा, दर वेळी ३ मिनिटे: १८० मिनिटे.
- सहा रुग्ण अंथरुणाला खिळलेले. प्रत्येकाची कूस रात्रीत सहा वेळा, ५ मिनिटांप्रमाणे: १८० मिनिटे, तीही मावशीला बरोबर घेऊन.
- फाइलमधल्या नोंदी, प्रत्येकी ५ मिनिटे: १०० मिनिटे.

एकूण ६६० मिनिटे. उरला एक तास. त्यात एक अपघाताचा पेशंट आला, एकाचे सलाइन सुजले, एकाला दम लागला, की संपले. जेवण आणि बाथरूमला जाणे धरलेलेच नाही. अशा वेळी ती काय कापेल? इंजेक्शन नाही कापणार, कारण त्याची नोंद आहे आणि सकाळी डॉक्टर विचारतील. कूस बदलायची राहील, कारण ती कोणी विचारत नाही. यात आळस शोधायला जाऊ नका. माणसे कमी नेमण्याचा निर्णय तिचा नसतो.

आपल्याकडे हे दिसत का नाही?

याचे उत्तर आपल्याच खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपलेले असते: नातेवाईक. आपल्याकडे "पेशंटजवळ एक माणूस थांबा" असे सांगितले जाते आणि ते आपल्याला साहजिक वाटते. भरवणे, भांडे देणे, अंग पुसणे, सलाइन संपत आले की सिस्टरला हाक मारणे, हे सारे सून, मुलगी किंवा बायको करते. माया असते, पण शिक्षण नसते. तिला कोणी दाखवलेले नसते की निजवून पाणी पाजू नये, की लघवीची पिशवी कमरेच्या वर धरू नये.

त्यामुळे परदेशात प्रश्नावलीत पकडली जाणारी तूट आपल्याकडे घरचा माणूस गुपचूप भरून काढतो. जोवर तो भरतो तोवर तूट दिसत नाही. ज्याच्याजवळ थांबायला कोणी नाही, ज्याची मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत, त्याच्या पाठीवर ती दिसते. आता आपल्या गावांतही अशी घरे वाढत आहेत.

तुम्ही काय करू शकता?

दाखल करण्याआधी किंवा वृद्धसेवा केंद्र निवडताना हे विचारा:

१. रात्री किती रुग्णांमागे किती शिकलेल्या परिचारिका असतात? 'स्टाफ आहे' या उत्तरावर थांबू नका. जीएनएम, एएनएम, बीएस्सी नर्सिंग असे शिक्षण विचारा.

२. कूस बदलल्याची नोंद कुठे ठेवता? कागद दाखवा म्हणा.

३. इथे राहताना किती जणांना बेडसोअर झाले, याची मोजणी ठेवता का? 'एकालाही कधीच नाही' असे चटकन आलेले उत्तर बहुधा मोजणी नसल्याचे लक्षण असते.

२०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे आणि तक्रार करण्याची सोयही आहे. तेव्हा विचारायला संकोच करू नका, फक्त भांडणाच्या सुरात विचारू नका.

पेशंट तिथे असताना किंवा घरी असताना एक साधी वही ठेवा. सहा रकाने पुरेत: वेळ, कोणत्या कुशीवर, काय खाल्ले, किती पाणी, लघवी-संडास, तोंडाची स्वच्छता. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे राहून गेलेली शुश्रूषा. बासेल आणि मिशिगनने केले ते याहून फार वेगळे नाही.

रोज एकदा माकडहाड, कंबरेची दोन्ही हाडे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू उजेडात पाहा. लाल जागा बोटाने दाबा. दाब काढल्यावर ती क्षणभर पांढरी होऊन परत लाल झाली, तर रक्त वाहते आहे. कूस बदला आणि लक्ष ठेवा. लालच राहिली तर बेडसोअर सुरू झाला आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे काळपट-जांभळा रंग, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणारी जागा शोधा. हवेची गादी जरूर घ्या, पण ती कूस बदलण्याला पर्याय नाही.

भरवताना पेशंटला बसते करा आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवा. खाताना ठसका लागत असेल तर भरवणे थांबवा आणि सांगा.

वहीत काही राहिलेले दिसले तर आधी सिस्टरला म्हणा, "ताई, बाबांची कूस बदलायची आहे, मी धरू लागतो, कशी बदलायची ते दाखवा." बहुतेक वेळा ती दाखवेल, आणि तिलाही मदत होईल. तरीही रोज तेच राहत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. "इथे लक्ष देत नाहीत" या वाक्याला उत्तर देणे सोपे असते. "काल रात्री १० ते सकाळी ६ एकदाही कूस बदलली नाही" या नोंदीला उत्तर द्यावेच लागते.